आधी तिथी, मग दुर्बीण: आक्षीपासून चोडणपर्यंतची पक्षी बघायची ठिकाणं आणि सोबतची पुस्तकं

कोकण किनाऱ्यावर पक्षी बघायला जायचं ठरलं की लोक आधी रविवार बघतात, मग हॉटेल. मी कालनिर्णयावर तिथी बघते. जंगलातल्या अभयारण्यात पहाटे लवकर पोचलं की निम्मं काम होतं. खाडीवर आणि पुळणीवर नुसतं लवकर उठून भागत नाही, त्या वेळी पाणी कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. म्हणून इथल्या ठिकाणांबद्दल सांगताना मी दोन गोष्टी तपासते: पाण्याची वेळ साधून गेलं तर तिथे काय दिसतं, आणि जे दिसतं ते ओळखायला हातातलं पुस्तक किती कामाला येतं. मी अलिबाग तालुक्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि शाळेच्या निसर्ग मंडळाची मुलं घेऊन हिवाळाभर किनाऱ्यावर फिरते. पक्षी सप्ताह जवळ आला (५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत) की पालक विचारायला लागतात, मुलांना कुठे न्यायचं आणि कुठलं पुस्तक घ्यायचं. त्यांच्यासाठी हे सविस्तर उत्तर.

वेळेचा हिशोब आधी सांगते, कारण तो चुकला तर पुढचं सगळं वाया जातं. माझ्या सासऱ्यांनी शिकवलेला, किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असलेला नियम असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वादशी असेल तर बारा पाऊण नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या आणि रात्री नऊच्या सुमाराला पाणी भरतं. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीची वेळ ठरवायला एवढं पुरतं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. मुलांना पाऊणकी शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला आजवर मिळालेलं नाही.

हा हिशोब घेऊन आक्षीला या. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला पाच-सहा किलोमीटर, नागावच्या अलीकडे. गावाच्या उत्तरेला साखर-आक्षीची खाडी समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी वाळूचे दांडे आणि चिखलाचा मोठा पट्टा आहे. (शके ९३४चा, मराठीतला सर्वांत जुना मानला जाणारा शिलालेख याच गावातला. येताजाता तोही बघून घ्या.) सुरूच्या बनातून पुळणीवर उतरलात की उजव्या हाताला खाडीच्या तोंडाकडे चालायला लागा. सकाळी ऊन पाठीवर असतं, समुद्र पश्चिमेला, त्यामुळे पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी याच जागी सगळे पक्षी काळ्या सावल्या होतात. सकाळचं ऊन आणि चढतं पाणी या दोन गोष्टी एकत्र हव्या असतील तर द्वादशी-त्रयोदशी धरा आणि सातपर्यंत वाळूवर पोचा. ओहोटीला हेच पक्षी पाऊण किलोमीटर लांब, पाण्याच्या कडेला पसरलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. पाणी चढायला लागलं की ते स्वतःच तुमच्याकडे सरकत येतात. तुम्ही फक्त एका जागी बसून राहायचं.

बसल्यावर काय दिसतं ते सांगते. सगळ्यात पुढे, लाटेच्या कडेला, सँडरलिंग. मुठीएवढे, फिक्या राखी पाठीचे, पोटाला पांढरेशुभ्र, काळ्या पायांचे. लाट मागे सरली की तिच्यामागे पळत जाऊन ओल्या वाळूत चोच खुपसायची आणि पुढची लाट यायच्या आत परत फिरायचं. पाय इतके भरभर चालतात की वेगळे दिसतच नाहीत. दुर्बीण स्थिर धरून त्यांचा एकच पाय बघत बसा: तुतवारांच्या (सँडपायपर) बहुतेक जातभाईंना मागच्या बाजूला एक छोटं बोट असतं, सँडरलिंगला ते नसतं. आमच्या आठवीतल्या एका मुलीने हे ओल्या वाळूतल्या ठशावरून दाखवलं होतं, पुढची तीन बोटं उमटलेली आणि मागे कोरी वाळू. त्यांच्यामागे थोड्या कोरड्या वाळूवर चिखल्या (प्लव्हर) असतात. यांची तऱ्हा वेगळी, धावतात, एकदम थांबतात, टोचतात, पुन्हा धावतात. मानेमागे पूर्ण पांढरी पट्टी असेल तर केंटिश चिखल्या. पट्टी नसेल तर वाळू-चिखल्यांपैकी कुणीतरी, आणि खरी परीक्षा इथे सुरू होते. त्यात लहान आणि मोठा असे दोन, फरक चोचीच्या लांबीत आणि जाडीत, पायांच्या उंचीत. शिवाय लहान वाळू-चिखल्याच्या आता अभ्यासकांनी दोन जाती केल्या आहेत, सैबेरियन आणि तिबेटी, आणि आपल्याकडे येतो तो मुख्यतः तिबेटी. म्हणजे हा एवढासा पक्षी हिमालय ओलांडून आक्षीच्या वाळूवर उतरलेला असतो. मुलांना हे सांगितलं की ती आपोआप आवाज कमी करतात.

दांड्यावर पाणी चढलं की कुरव (गल) आणि सुरय (टर्न) एकत्र गर्दी करून उभे राहतात, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. सुरयांच्या बाबतीत मी मुलांना आधी चोच बघायला सांगते. जाड काळी चोच, गलबिल्ड सुरय. नारिंगी चोच, लहान तुरेवाला. पिवळसर चोच आणि अंगाने मोठा, मोठा तुरेवाला. आणि गाजरासारखी लालभडक, दणकट चोच असेल तर कॅस्पियन, सुरयांमधला सगळ्यात थोर. नशीब चांगलं असेल तर ऑयस्टरकॅचर दिसतात, काळे-पांढरे, लांब लाल-नारिंगी चोचीचे, शिंपल्यांच्या फटीत चोच घालून ते उघडणारे. माझ्या मते महाराष्ट्रातल्या सहज पोचता येणाऱ्या किनाऱ्यांत हिवाळ्यातले किनारपक्षी बघायला आक्षीइतकी चांगली जागा नाही.

खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढणाऱ्या बायकांशी बोला. त्यांना पक्ष्यांची पुस्तकातली नावं माहीत नसतील, पण चिखल कधी आणि किती उघडा पडणार हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. एकदा नवमीला मी मुलं घेऊन पोचले तेव्हा टोपली घेऊन परतणाऱ्या एका आजींनी सांगितलं, “बाई, आज भांग हाय. पानी लांब नाय जायचा.” भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, चिखलाचा पट्टा अरुंद राहतो, पक्षी विखुरलेले राहतात. उधाणाच्या आसपासचे दिवस चांगले ते याच कारणाने.

आक्षीबद्दल एक कळकळीची विनंती. भरतीच्या वेळी दांड्यावर उभा असलेला थवा विश्रांती घेत असतो. त्यांचं खाणं बंद असतं, पुन्हा चिखल उघडा पडेपर्यंत ताकद राखून ठेवायची असते. त्या थव्यातून घोडागाडी किंवा मोटारसायकल नेणं, फोटोत उडताना दिसावेत म्हणून मुलांना त्यांच्यावर धावत सोडणं, हे कृपा करून करू नका. मार्च-एप्रिलमध्ये तर मुळीच नाही. तेव्हा ते परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात आणि प्रत्येक उड्डाणाने ती खर्च होते. गेटवे ते मांडवा बोटीवरही हेच. कुरवांना फरसाण आणि कुरकुरे फेकायची जी सवय लागली आहे ती बंद झाली पाहिजे. तळलेलं, खारवलेलं अन्न त्या पक्ष्यांचं नाही.

आता पुस्तकं. पक्ष्यांचं पुस्तक मी किनाऱ्यावर नेऊन तपासते, कारण दुकानात सगळीच पुस्तकं सुंदर वाटतात. बुलबुल, खंड्या, कोतवाल सगळ्यांत नीट ओळखता येतात. पुस्तकाची परीक्षा हिवाळ्यातल्या चिखल्यांच्या आणि तुतवारांच्या पानावर होते, जिथे राखी-तपकिरी रंगाचे पंधरा-वीस पक्षी शेजारी शेजारी उभे असतात.

या परीक्षेत माझ्याकडे पहिला नंबर रिचर्ड ग्रिमेट आणि कॅरल व टिम इन्स्किप यांच्या ‘बर्ड्स ऑफ द इंडियन सबकॉन्टिनेंट’चा. मूळ ग्रंथ १९९८चा, मैदानात न्यायची सुधारित दुसरी आवृत्ती २०११ची. चित्रं रंगवलेली आहेत आणि तेच त्याचं बळ. किनारपक्ष्यांचा हिवाळ्यातला पिसारा, विणीच्या काळातला पिसारा आणि उडताना पंखावर दिसणारी पट्टी एकाच नजरेत मिळते. फेब्रुवारीनंतर आक्षीला अर्धे पक्षी रंग बदलत असतात, छातीवर विटकरी छटा यायला लागते, तेव्हा दोन्ही रूपं समोर असल्याशिवाय ओळख पटत नाही. तेराशेहून अधिक जाती असल्यामुळे पुस्तक जड आहे आणि त्यातले हिमालयातले शेकडो पक्षी आपण आयुष्यात अलिबागला बघणार नाही, हे मान्य. तरीही एकच पुस्तक घ्यायचं असेल तर हे घ्या. वाळू-चिखल्यांच्या पानावर जातींची नवी विभागणी नाही, तिथे पेन्सिलीने लिहून ठेवा.

क्रिस काझमिएर्चाक आणि बेर व्हान पेर्लो यांचं २०००चं पुस्तक मला नकाशांसाठी आवडतं. प्रत्येक पक्ष्याचा नकाशा चित्रासमोरच असल्यामुळे मुलांना ‘हा इथे असू शकतो का?’ हा प्रश्न आधी विचारायची सवय लागते, आणि ती सवय फार मोलाची आहे. चित्रं मात्र लहान आहेत, उन्हात बसून बघायला त्रास होतो. पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचे ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया’चे दोन खंड (२००५, दुसरी आवृत्ती २०१२) घरी टेबलावर ठेवायचे. त्यात मोजमापं आहेत, आवाजांचे आलेख आहेत, शंका फिटते. ज्यांना किनारपक्ष्यांचंच वेड लागलं आहे त्यांनी हेमन, मार्चंट आणि प्रेटर यांचं १९८६चं ‘शोअरबर्ड्स’ जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधावं. जगभरचे किनारपक्षी एका ठिकाणी, आणि पंखांवरच्या खुणा इतक्या काळजीने काढलेल्या की उडत्या थव्यातला पक्षी ओळखायला मी अजून तेच उघडते.

सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१चं. कित्येक पिढ्या त्याच्यावर वाढल्या, त्याची भाषा अजून वाचण्यासारखी आहे. आमच्यासाठी त्याला आणखी एक जवळीक आहे. सालिम अलींनी सुगरणीच्या विणीचा जो गाजलेला अभ्यास केला तो १९३०च्या पावसाळ्यात, इथे शेजारी किहीमला. एक नर एकामागून एक घरटी बांधतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते, मग नर दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो, हे त्यांनी किहीममध्ये दिवसचे दिवस बसून नोंदवलं. निसर्ग मंडळाच्या मुलांना मी पावसाळ्यात तिकडची सुगरणीची घरटी दाखवायला नेते आणि नेण्याआधी हे सांगते. पण किनाऱ्यावरच्या ओळखीसाठी ते पुस्तक आज अपुरं पडतं.

आपल्या भागाचं म्हणून खास पुस्तक आहे ते डॉ. सतीश पांडे, सलील तांबे, क्लेमंट फ्रान्सिस आणि निरंजन संत यांचं ‘बर्ड्स ऑफ वेस्टर्न घाट्स, कोकण अँड मलबार’, २००३चं. गोव्याचे पक्षीही त्यात आहेत. विषयच सह्याद्री आणि कोकणपट्टी असल्यामुळे नको असलेली पानं उलटत बसावं लागत नाही, आणि फोटो पाहून मुलं हरखतात. जंगलातल्या पक्ष्यांसाठी, विशेषतः आंबोली, फणसाड, कर्नाळा इथे जाताना, मी हेच बरोबर घेते. किनारपक्ष्यांसाठी फोटोंच्या पुस्तकाची जी मर्यादा असते ती यालाही आहे. फोटो एका क्षणाचा, एका पिसाऱ्याचा आणि एका उजेडाचा. दोन जवळच्या जाती शेजारी उभ्या करून फरक दाखवायला चित्रकारच लागतो.

मराठीत चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ प्रत्येक शाळेत असलाच पाहिजे. तो ओळखीसाठी उघडायचा ग्रंथ नव्हे. एकाच पक्ष्याला ठिकठिकाणी काय म्हणतात, संस्कृतात त्याचा उल्लेख कसा आहे, हे त्यात सापडतं. वनाधिकारी म्हणून त्यांनी आयुष्य जंगलात घालवलं आणि माडिया-गोंडांपासून मच्छीमारांपर्यंत सगळ्यांशी बोलून शब्द गोळा केले. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. त्यानंतरच्या पक्षी सप्ताहात आम्ही परिपाठात रोज एका पक्ष्याची त्यातली नावं वाचली, शेकाट्या, टिलवा, ढोकरी, आणि मुलांनी घरच्या माणसांना विचारून आपापली नावं त्यात घातली. किरण पुरंदऱ्यांचं ‘पक्षी – आपले सख्खे शेजारी’ पाचवी-सहावीच्या मुलांच्या हातात द्यायला उत्तम, परसातल्या पक्ष्यांवर त्याने जीव जडतो. खाडीवर जायच्या आधीची पायरी म्हणून ते घ्या.

फोनवरचं पक्षी ओळखायचं मर्लिन अ‍ॅप फुकट आहे, भारताचा संच घरून उतरवून घेतला की नेटवर्कशिवाय चालतं. झाडीतल्या आवाजांसाठी ते फार उपयोगी पडतं. वाळूवरच्या चिखल्यांचा लांबून काढलेला फोटो दिला तर ते दोन-तीन पर्याय पुढे करतं आणि निवड तुम्हालाच करावी लागते, म्हणून पुस्तकाची गरज संपत नाही. नोंदी मात्र ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या खुल्या संकेतस्थळावर, जरूर करा. पुढच्या माणसाला तिथूनच कळतं की आक्षीला कुठल्या महिन्यात काय येतं.

पुस्तकं हातात घेऊन बघायची असतील तर मुंबईला फोर्टात, लायन गेटसमोर, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं हॉर्नबिल हाउस आहे. संस्था १८८३ची. मांडव्याहून बोटीने गेटवेला उतरलं की तिथवर चालत जाता येतं, त्यामुळे अलिबागकरांना हे दुकान पुण्या-ठाण्याच्या माणसांपेक्षा सोपं. चार पुस्तकं शेजारी उघडा, प्रत्येकातलं किनारपक्ष्यांचं पान काढा आणि मग ठरवा. घरबसल्या मागवायचं झालं तर आवृत्तीचं वर्ष तपासल्याशिवाय पैसे भरू नका.

मुंबईचा विषय निघाला तर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं आणि २०२२मध्ये ठाणे खाडीला जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाच्या कांदळवन यंत्रणेच्या बोटी सुटतात. सोय चांगली आहे: आगाऊ नोंदणी, जॅकेट, खाडीची माहिती सांगणारा माणूस बरोबर, आणि केंद्रात कांदळवनाची ओळख करून देणारं दालन. बोटीच्या वेळा रोजच्या भरतीप्रमाणे बदलतात, तेव्हा आधी त्यांचं वेळापत्रक बघा आणि मग सुट्टी टाका. उलटं केलंत तर पंचाईत होते. पाणी उतरायला लागून चिखल डोकं वर काढतो तेव्हाची फेरी मिळाली तर सर्वांत चांगली, कारण थवे तेव्हाच चरायला उतरतात. रोहित नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत असतात, माझी पसंती फेब्रुवारी-मार्चला. तिथे दोन्ही जाती बघा. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची पूर्ण गडद लालसर-काळी. छोटा रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा चिखलातले बारीक जीव, म्हणून एकाच खाडीत दोघांचं भागतं. डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवताना त्यांच्या गळ्याची हालचाल बघण्यासारखी असते. बोटीतून ती स्पष्ट दिसते.

पैसे न भरता, किनाऱ्यावर उभं राहून बघायचं असेल तर उलटी वेळ धरा. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की हेच रोहित नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर, टी. एस. चाणक्य आणि डीपीएस तलावाच्या बाजूला, येऊन उभे राहतात. रोहितांना खाडी जितकी हवी तितकीच ही तळीही हवीत. भरतीचे तास काढायला दुसरी जागा नसेल तर खाडीत खाणं असून उपयोग नाही. या पाणथळी बुजवण्याची भाषा जेव्हा जेव्हा होते तेव्हा मला राग येतो तो यासाठी. शिवडी मी आता पहिल्यांदा येणाऱ्यांना सुचवत नाही. पूर्वी तिथला चिखल गुलाबी व्हायचा, अटल सेतूही आता तिथूनच निघतो, आणि ऐरोली-नेरूळला जे सहज दिसतं त्यासाठी शिवडीची पायपीट नको.

कर्नाळ्याबद्दल थोडक्यात. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गावर, १९६८चं अभयारण्य, त्याच्या घडणीत चितमपल्लींचाही वाटा. इथे तिथीचा संबंध नाही, उघडतानाच आत शिरा. मोरटाका आणि हरियाल या दोन्ही पायवाटा चांगल्या आहेत. रविवार टाळा, किल्ल्यावर जाणाऱ्यांच्या गलक्यात पक्षी गप्प होतात. पावसाळ्यात तिबोटी खंड्या कोकणात विणीला येतो तेव्हा ओढ्याच्या कडेने शांतपणे थांबा, पण घरट्याच्या बिळापाशी कॅमेरा लावून बसू नका.

दक्षिणेला वेळासला लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवांसाठी जातात, ते काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने उभं केलं. पिल्लं समुद्रात सोडून झाली की बहुतेक जण नाश्त्याला पळतात. त्या वेळी बाणकोटच्या खाडीकडे चक्कर मारा आणि उंच झाडांवर नजर ठेवा, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसायची चांगली शक्यता असते. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर, वेंगुर्ला रॉक्सवर, जायचा हट्ट मात्र धरू नका. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. त्यांची घरटी चोरून नेत असल्याचं याच संस्थेने उघडकीला आणलं आणि नंतर राखण केली. सुरयही त्या खडकांवर वीण करतात. काही जागा माणसं न गेल्यामुळेच टिकतात.

गोव्यात दोन ठिकाणं, एकाच दिवसात होणारी. चोडणचं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य १९८८चं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, सगळं कांदळवन. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलात की धक्क्याजवळच फाटक आहे. आत पक्की पायवाट आहे, आणि ती ओहोटीला चालायची: दोन्ही बाजूंच्या मुळांमध्ये निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत असतात, खेकडे नांग्या हलवत असतात आणि त्यांच्यावर टपलेले खंड्या फार जवळून दिसतात. भरतीला चालण्यापेक्षा होडी घ्या, पाणी चढलं की बारीक फाट्यांमध्ये शिरता येतं. काळ्या डोक्याचा खंड्या, कॉलरवाला खंड्या, हिरवट बगळा, समुद्रबगळा हे सगळे माझ्या मुलीला एकाच फेरीत दिसले होते आणि तिने उतरल्यावर लगेच दुसऱ्या फेरीचा आग्रह धरला. होडीवाल्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा आणि त्यालाच विचारा, पाणी कधी चढणार.

दुसरं करमळीचं तळं, कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकाला लागूनच. हे गोड्या पाण्याचं, तेव्हा चोडणमधून जी वेळ उरेल ती इथे द्या. कमळपक्षी पानांवरून चालताना, जांभळ्या पाणकोंबड्या, अडई आणि हिवाळ्यात तलवार बदकं. गाडीला वेळ असेल तर सामान घेऊनही इथे तासभर काढता येतो. गोव्यासाठी वेगळं पुस्तक हवं असेल तर हाइंझ लायनर यांचं काम शोधा. त्यांनी वर्षानुवर्षं गोव्यातल्या नोंदी ठेवल्या, आणि राहुल आल्वारिस यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक हातात घ्यायला सोपं आहे.

या सगळ्यात एक जागा रिकामीच आहे. कोकण किनाऱ्याच्या पक्ष्यांचं, मराठीतलं, रंगवलेल्या चित्रांचं, खिशात मावणारं पुस्तक मला हवं आहे. शंभर-सव्वाशे जाती पुरेत. चिखल्या, तुतवार, कुरव, सुरय, बगळे, खंड्या, समुद्रावरच्या शिकारी पक्ष्यांची चार पानं. प्रत्येकाचा हिवाळी पिसारा मोठा, विणीचा लहान. शेवटी तिथीवरून भरती काढायचा तक्ता. इंग्रजी पुस्तक उघडल्यावर मच्छीमाराच्या मुलाचा चेहरा जो बंद होतो, तो या पुस्तकाने उघडेल, कारण यातलं निम्मं त्याला आधीच माहीत आहे.

तोवर आमच्या मुलांनी आक्षीच्या किनारपक्ष्यांचा एक तक्ता केला आहे, दोन्ही बाजूंनी छापलेलं एकच पान. चोचीची लांबी डोक्याच्या तुलनेत किती, पायांचा रंग कोणता, मानेवर पट्टी आहे का, चालतो कसा, एवढ्या चार प्रश्नांवर तो बेतलेला आहे. चित्रं नववीतल्या एका मुलाने काळ्या पेनाने काढली आहेत आणि सँडरलिंगच्या पायाचं चित्र वेगळं, मोठं करून दिलं आहे. आक्षीला येणाऱ्या कुठल्याही शाळेला तो वापरायला हरकत नाही. शाळेच्या वेळेत या, प्रत काढून देते, आणि त्या आठवड्यात जायचं झालं तर किती वाजता वाळूवर पोचायचं तेही तिथी बघून सांगते.